तेरा ओळींची सुटका

मुलगी : आई, पान एकशे तीन छापून झालं का, ते विचार ना आधी.

आई : एकशे तीनच का? अख्खं पुस्तक छापून झालंय. सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांच्या घड्या घालून ठेवल्यात, उद्या शिवायला घेणार, परवा गठ्ठे बाहेर. तू ती ताडपत्री नीट धर. सुई तुटेल माझी.

मुलगी : धरलीय.

आई : धरलीय म्हणे. नुसती टेकून उभी आहेस. हे ट्रकचं कापड आहे बाई, ओढणी नव्हे. ओढ. अजून. हां.

मुलगी : छापलेलं पान बदलता येतं का?

आई : काय, चूक सापडली? कुठली? मी पाच वेळा वाचलंय ते. त्या प्रकाशनातल्या बाई तर भिंग घेऊनच बसल्या होत्या. आठवी पास, ताडपत्र्या शिवणारी बाई, हिच्या लिखाणात शंभर चुका निघणारच! सात निघाल्या. त्यातल्या चार त्यांच्याच होत्या.

मुलगी : तसली चूक नाही.

आई : मग कसली?

मुलगी : चादरींची. तुझ्या गोष्टीतली तिघं, भिंगरी, ढब्बू आणि शेपूट, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत कोंडलेले असतात आणि चादरींना गाठी मारून खिडकीतून खाली उतरतात ना, तिथली.

आई : माझ्या चारही पुस्तकांत तसं पान नाही. वाचताना हाताला घाम येतो. त्याला काय झालं?

मुलगी : ते मी केलं नव्हतं.

आई : काय केलं नव्हतं?

मुलगी : उतरले नव्हते. आपल्या माळ्यावरून. साहसं करून बघायच्या तुझ्या वहीत लिहिलंय ना, 'माळ्यावरून चादरीने खाली, दोन वेळा, पावणेदोन मिनिटं.' मी दोनदा नाही उतरले. एकदाही नाही.

आई : थांब. मशीन बंद करते. आता परत बोल.

मुलगी : मी गाठी मारल्या. त्या माळ्याच्या गजाला बांधल्या. खाली सोडल्या. आणि जमिनीवर उभी राहून जोरात ओढून बघितल्या. बस. मग वहीत वेळ लिहिली. अंदाजाने.

आई : अंदाजाने! माझ्या वहीत! अगं, वहीत साक्षीदाराची सही आहे. अण्णांनी समोर बसून पाहिलं. अण्णा! ओ अण्णा! जरा इकडे या.

आजोबा : आलो, आलो. छप्पर कोसळल्यासारखं काय ओरडतेस सूनबाई? पेपर वाचत होतो.

आई : डोळे मिटून?

आजोबा : ते मी बातमीवर विचार करत होतो.

आई : ही सही कुणाची?

आजोबा : चष्मा लावू दे. ही? माझीच की. काय झोकात आलीय बघ. या वयात असा फराटा कुणाचा येत नाही.

आई : फराट्याच्या वर काय लिहिलंय ते वाचा.

आजोबा : 'चादरीच्या दोराने माळ्यावरून उतरणे. समक्ष पाहिले.' बरं. मग?

आई : पाहिलंत?

आजोबा : आता 'पाहिले' असं लिहिलंय म्हणजे...

आई : अण्णा.

आजोबा : हे बघ, पोरगी वही घेऊन आली, बोट ठेवून म्हणाली, इथे. मी केली. चौतीस वर्षं गोदामात मी हेच केलं. प्रत्येक पोतं उघडून बघत बसलो असतो तर एक ट्रक फाटकाबाहेर पडला नसता.

आई : मी ट्रक नाही सोडत अण्णा, पुस्तक सोडते! त्याच्या मागच्या कव्हरवर मी काय छापते, माहितीय ना?

मुलगी : 'या पुस्तकातलं प्रत्येक साहस आमच्या घरात करून पाहिलं आहे.'

आई : ठळक अक्षरात! बाकीचे लिहितात, पोरगं डोंगरावरून उडी मारतं आणि घोड्यावर पडतं. कुणी मारलीय उडी? कुणाकडे आहे घोडा? मी तसलं लिहीत नाही. ट्रकच्या ट्यूबचा तराफा लिहिला तेव्हा आपण चौघं तळ्यात होतो, मी कमरेपर्यंत गाळात. भिंतीपलीकडे डोकावायची आरशांची नळी लिहिली तेव्हा हाताला दोन टाके पडले. कॉलेज माझ्याकडे नाही, लायब्ररी नाही, ओळखीपाळखी नाहीत. माझ्याकडे एवढी एकच गोष्ट आहे, की जे लिहिते ते खरं होतं. आणि तू तिथेच कात्री चालवलीस.

आजोबा : एवढं काय मनावर घेतेस? गोष्टच आहे शेवटी. पोरं काय पुस्तक वाचून खिडकीतून उतरायला लागतात?

मुलगी : लागतात, आजोबा.

आजोबा : काहीतरीच.

मुलगी : पत्र्याच्या डब्यात पत्रं आहेत ती कसली आहेत मग? 'आम्ही पण तराफा केला.' 'आम्ही पण आरशांची नळी केली.' सगळ्यांनी करून बघितलंय. माझी बाकावरची मैत्रीण आहे ना, ती परवा म्हणाली, नवं पुस्तक सगळ्यांत आधी मला दे. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. तिला सहा वर्षांची बहीण आहे आणि ती बहीण स्वतःला भिंगरी समजते. कालपासून मला जेवण जात नाहीये.

आई : म्हणून काल ताट तसंच सारलंस. मला वाटलं, परीक्षेचं असेल.

आजोबा : पण गाठ चांगली असेलही. पोरगी उतरली नाही म्हणजे गाठ वाईट असं थोडंच आहे? मी शिकवलीय तिला. दोन वेढे आणि वरून फास. पोती बांधायचो आम्ही त्याने.

आई : बरोबर बोललात. करूनच बघू. आत्ता.

मुलगी : मी नाही!

आई : तुला कोण चढवतंय? ताडपत्रीच्या चिंध्यांचं पोतं आण ते कोपऱ्यातलं. तुझं वजन किती?

मुलगी : बत्तीस.

आई : काट्याला लाव. अण्णा, हात द्या. सव्वीस. अजून एक गुंडाळी घाल. एकतीस. ती लोखंडी कडी टाक आत. झालं बत्तीस. आता चादरी. पुस्तकात कसल्या चादरी आहेत?

मुलगी : 'पाहुण्यांसाठी ठेवलेल्या, नव्याकोऱ्या, रेशमासारख्या गुळगुळीत.'

आई : हं. आणि तू गाठी कशाला मारल्या होत्यास?

मुलगी : आपल्या जुन्या सुती. ज्या धुऊन धुऊन खरखरीत झाल्यात.

आई : गुळगुळीत मी लिहिलं. वाक्य छान दिसत होतं. वीस वर्षं कापडात हात आहे माझा, मला कळायला हवं होतं की गुळगुळीत कापडाची गाठ धरत नाही. कपाटातल्या वरच्या खणातल्या काढ दोन.

आजोबा : त्या? अगं, त्या लग्नातल्या आहेत तुझ्या. कोणासाठी काढल्या नाहीत आजवर.

आई : आज काढते. बांधा अण्णा, तुमची ती दोन वेढ्यांची. स्वतः बांधा, म्हणजे नंतर गाठीला नावं नकोत. घट्ट?

आजोबा : हत्ती लटकव.

आई : शिडीवरून मी पोतं सोडते. तू बाजूला हो. अजून मागे. मोज.

मुलगी : एक. दोन. तीन.

आजोबा : बघ! काय म्हणत होतो?

मुलगी : सात. आठ.

आजोबा : हलत सुद्धा नाही. गोदामातली गाठ आहे ती.

मुलगी : दहा. अक...

(पोतं धप्पकन खाली. एक चादर गजाला, दुसरी पोत्याखाली.)

आई : अकरा.

आजोबा : कापडच निसरडं.

आई : कापड निसरडं, गाठ पोत्यांची, वाक्य माझं. अकरा मोजेपर्यंत एखादं पोर खिडकीबाहेर पूर्ण लोंबकळत असतं. फोन दे माझा.

आजोबा : छापखान्याला? अगं, तो माणूस खाईल तुला. छापून झालेला कागद.

आई : खाऊ दे. पचायची नाही मी त्याला. हॅलो, मी बोलतेय. हो, भिंगरीवाली. ऐका, सातवा फर्मा शिवायला घेऊ नका. सत्त्याण्णव ते एकशे बारा पानांचा. पान एकशे तीन बदलायचंय. छापून झालंय, माहितीय मला. म्हणूनच तर फोन केला, नाहीतर चिठ्ठी पाठवली असती. नाही, शुद्धलेखन नाही. धोका आहे त्यात. मुलं पडतील. हो, वेडी आहेच, तुम्हाला पहिल्या पुस्तकापासून ठाऊक आहे. कागद माझ्या नावावर टाका. एकच फर्मा? एकच. दुसरा मागितला तर फोन उचलू नका. किती वाजेपर्यंत? बरं. किती ओळी? एकही जास्त नाही, समजलं. ठेवते.

मुलगी : काय म्हणाले?

आई : पहिल्यांदा जे म्हणाले ते तुझ्यासमोर सांगण्यासारखं नाही. तीन वाजेपर्यंत मजकूर हवाय. आता साडेबारा. चादरींच्या तेरा ओळी काढायच्या आणि बरोब्बर तेराच घालायच्या. त्यांच्या वरची ओळ आणि खालची ओळ जशीच्या तशी ठेवायची, नाहीतर पुढचं सगळं सरकतं.

आजोबा : आणि ती ट्रकची ताडपत्री?

आई : ट्रकवाला थांबेल. पाऊस नाहीये. आता तू इकडे बस. त्या गुंडाळीवर बस. तेरा ओळी होतील, तेरा ओळींना मी घाबरत नाही. मला एक सांग. जमत नव्हतं तर 'जमत नाही' म्हणायचं. खोटं का लिहिलंस?

मुलगी : भिंगरी असं म्हणते का कधी?

आई : ती पुस्तकातली.

मुलगी : आणि मी कोण? घरात भिंगरी, शाळेत भिंगरी. माझं खरं नाव फक्त हजेरीपटात राहिलंय. मधल्या सुट्टीत चेंडू छपरावर गेला की सगळे माझ्याकडे बघतात. 'भिंगरी, चढ!' मी म्हणते, पाय मुरगळलाय. आई, दोन वर्षं माझा पाय मुरगळलेलाच आहे.

आजोबा : म्हणून माझं मलम संपत होतं!

मुलगी : पट्टी पण बांधायचे. कधी डाव्या, कधी उजव्या. एकदा चुकून दोन्हीला बांधली.

आई : हसवू नकोस. मी चिडलेय.

मुलगी : मला उंचावर उभं राहवत नाही. माळ्यावर गेले, खाली बघितलं आणि गज धरून खालीच बसले. मी बसून बसून उलटी शिडीवर आले आणि खाली आल्यावर वहीत लिहिलं, दोन वेळा.

आई : पण तू? तू पाच वर्षांची असताना गच्चीतल्या पाण्याच्या टाकीवर चढली होतीस! सगळं तिथूनच तर सुरू झालं. पहिलं पुस्तक तेच. मी वर बघितलं तर तू टाकीच्या कडेला बसलेली. ताठ. शांत. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही, हाक नाही, काही नाही. तू माझ्याकडे अशी बघतेयस, जणू रोजचंच आहे. मी त्या दिवशी सगळ्यांना सांगत सुटले, माझी पोर घाबरतच नाही.

मुलगी : आई, मी हाक मारत होते.

आई : नाही गं. मी खालीच होते, टाकीच्या पायथ्याशी. कपडे वाळत घालत होते. हाक आली नाही.

मुलगी : मारत होते. तोंड उघडत होते. आवाज फुटत नव्हता.

आई : किती वेळ?

मुलगी : तू एक बादली संपवलीस. मग खाली जाऊन दुसरी आणलीस. तीही संपवलीस. मग बघितलंस.

आजोबा : अरे देवा.

आई : अण्णा, थांबा जरा. दुसरी बादली चादरींची होती. मोठ्या. पिळायला वेळ लागतो.

मुलगी : हो. पांढऱ्या होत्या. दोन उडाल्या, त्या तू धावत जाऊन पकडल्यास. मला वाटलं, आता वर बघशील.

आई : आणि मी त्याच्यावर चार पुस्तकं लिहिली.

मुलगी : चांगली आहेत.

आई : चांगली आहेतच. ते मला कुणी सांगायला नको. पण मी बघितलं काय आणि लिहिलं काय! समोर पोर थिजून बसलंय, आणि मला त्यात शूर पोर दिसतेय. आठ वर्षं झाली. सांगितलं का नाहीस?

मुलगी : पहिल्या पुस्तकाच्या वेळी मला वाचताच येत नव्हतं नीट. मग वाचता आलं तोपर्यंत तू एवढी खूश होतीस. आधी सगळे तुला 'ए ताडपत्रीवाली' म्हणायचे. मग 'भिंगरीच्या लेखिका' म्हणायला लागले. मी म्हटलं, राहू दे. पाय काय, मुरगळू शकतो.

आई : माझ्यासाठी पायाला पट्टी बांधून फिरलीस तू.

मुलगी : रडणार आहेस का?

आई : तीननंतर. अण्णा, तुमच्या मागचं पॅड द्या. पेन्सिल द्या. पान एकशे तीन उघड कच्च्या प्रतीतलं. वरची ओळ वाच, जी राहणार आहे.

मुलगी : 'खिडकीतून वाकून पाहिलं, तर अंगण विहिरीच्या तळासारखं दूर दिसत होतं.'

आई : आणि खालची?

मुलगी : 'पुढच्याच मिनिटाला तिघंही अंगणात उभे होते.'

आई : म्हणजे तेरा ओळींत तिघांना दुसऱ्या मजल्यावरच्या कुलूपबंद खोलीतून अंगणात आणायचं. चादर नाही. कसं? पावसाच्या पाण्याचा पाइप?

मुलगी : तोही उंचावरच आहे.

आई : झाड?

मुलगी : आई! झाडावरूनही उंचावरूनच उतरायचं ना?

आजोबा : मोठ्याने ओरडायला सांग. कुणीतरी येईल.

आई : मुकादम येईल, ज्याने कोंडलंय तोच. वजनकाट्यात दगड लपवणारा माणूस आहे तो, त्याला पोरांचा पुळका नाही. आणि माझ्या पुस्तकात मोठी माणसं येऊन सोडवत नाहीत. ते मला पहिल्यापासून मान्य नाही.

मुलगी : दारातून जाऊ दे.

आई : दाराला बाहेरून कुलूप आहे.

मुलगी : कुलूप एका बाजूला असतं. दार दुसऱ्या बाजूला बिजागरीवर असतं.

आई : म्हणजे?

मुलगी : बिजागरीत उभी खिळी असते ना, ती वर ठोकून काढायची. मग दार त्या बाजूने सुटतं. कुलूप राहतं तिथेच लटकत.

आई : हे तुला कुठून माहीत?

मुलगी : केलंय मी.

आई : कधी? वहीत नाही ते.

मुलगी : वहीत लिहायचं नाही असं ठरलं होतं. आजोबा, सांगू?

आजोबा : आपलं काय ठरलं होतं?

मुलगी : आता नाइलाज आहे. आई, तू धागे आणायला गेली होतीस. आजोबा बाथरूममध्ये अडकले होते. आतली कडी निघेना.

आजोबा : मी अडकलो नव्हतो. कडी अडकली होती. मी शांत होतो.

मुलगी : 'मेलो, मेलो' असं शांतपणे म्हणत होते. मी तुझ्या कात्रीचं टोक खालून लावलं आणि बाबांच्या बुटाने ठोकलं.

आई : म्हणून माझ्या कात्रीचं टोक वाकडं! मी दुकानदाराशी भांडून आले त्यावरून. आणि अण्णा, तुम्ही चहा पीत मला पाठिंबा देत होतात!

आजोबा : कात्री हलकीच होती तशी.

आई : दार अंगावर नाही का आलं?

मुलगी : नाही, कारण मी आधी खालची खिळी काढली. मग वरची. वरची शेवटी काढायची, तोपर्यंत दार तिच्यावर उभं राहतं. आणि शेवटची निघताना कुणीतरी दार धरून ठेवायचं. आजोबांनी आतून धरलं होतं. जड असतं, पायावर पडलं तर बोटं जातील.

आई : हे लिहायचं. दार धरायचं हे तर आधी लिहायचं. आता बघ, बिजागरी ज्या बाजूला दार उघडतं त्या बाजूला दिसते. आपलं बाथरूमचं दार बाहेर उघडतं, म्हणून तू बाहेरून काढू शकलीस. पोरं खोलीच्या आत आहेत. मुकादमाने दार कसं उघडलं होतं? अठ्ठ्याण्णववर बघ.

मुलगी : थांब. 'मुकादमाने दार धाडकन आत ढकललं आणि तिघांना खोलीत लोटलं.' आत ढकललं! म्हणजे बिजागऱ्या आत आहेत!

आई : शाब्बास मुकादम! कात्री मात्र त्यांच्याकडे नाही.

मुलगी : ढब्बूचा चमचा आहे. खिशात पहिल्या प्रकरणापासून आहे. चमच्याचा दांडा आणि शेपटाचा बूट.

आई : चमच्याने होतं?

मुलगी : माहीत नाही. कात्रीने केलं होतं.

आई : मग चमचा आण, जाड. बूट आण. बाथरूमच्या दारावर करायचं. अण्णा...

आजोबा : मी या खेपेला बाहेरच उभा राहीन.

आई : दार तुम्ही धरा. साक्षीदार मी. डोळे उघडे ठेवून. हं, घड्याळ लावलं. कर.

मुलगी : दांडा नीट बसत नाहीये. तिरका धरावा लागतो. आता बसला.

आई : ठोक. भीती वाटते?

मुलगी : याची नाही. हे जमिनीवर आहे.

आई : खालची सुटली. चमचा वाकला.

मुलगी : उलटा धरते. आजोबा, धरलंय ना?

आजोबा : धरलंय गं. झोपलो नाहीये.

मुलगी : निघाली! आजोबा, सोडू नका! हळू. भिंतीला टेकवा.

आई : चार मिनिटं दहा सेकंद. वही आण. 'चमच्याने बिजागरी सोडवणे. समक्ष पाहिले.' ही माझी सही. आता लिहू. घेऊ? 'ढब्बूने पलंगावरची चादर ओढली. इतकी गुळगुळीत होती की गाठ बोटांतच सुटली.' हे असू दे. पोरांना कळू दे की ती युक्ती फसते.

आजोबा : चांगलं आहे.

आई : 'भिंगरीच्या मनात क्षणभर धाकधूक...'

मुलगी : क्षणभर नाही.

आई : 'भिंगरीला किंचित...'

मुलगी : किंचित नाही, आई.

आई : तू सांग मग. मी लिहिते. तुझी वाक्यं, माझी पेन्सिल.

मुलगी : 'भिंगरी खिडकीपासून मागे सरकली आणि म्हणाली, "मी इथून उतरणार नाही. मला उंचीची भीती वाटते."'

आई : पुढे?

मुलगी : 'हे ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलली होती. कोणी हसलं नाही.'

आई : ढब्बू हसेल. ढब्बू सगळ्याला हसतो.

मुलगी : याला नाही हसत.

आई : बरं. 'कोणी हसलं नाही.' मग चमचा, खालची खिळी, 'दार घट्ट धर, पायावर येईल', वरची खिळी, जिना. वाचते मोजून. नऊ. दहा. बारा... चौदा होतायत.

आजोबा : ते 'कोणी हसलं नाही' काढून टाक. एक ओळ वाचेल.

आई : ते नाही काढायचं. मुकादमाच्या मिशा काढते. तशाही त्या तीनदा आल्यात. तेरा. झाल्या तेरा! दोन वाजून वीस. कोण म्हणतं आठवी पासला जमत नाही? फोन कुठाय, फोटो काढून पाठवते.

मुलगी : आई, एक राहिलं. पहिल्या पानावर काय छापलंय, आठवतंय? 'भिंगरीला भीती म्हणजे काय, हेच माहीत नव्हतं.' ते पहिल्या फर्म्यात आहे. ते आता बदलणार नाहीत.

आजोबा : खरंच की. वाचणारं पोर विचारेल हं, पहिल्या पानावर एक आणि एकशे तीनवर भलतंच, असं कसं?

आई : विचारू दे. पहिलं पान लिहिलं तेव्हा लिहिणारीला माहीत नव्हतं.